जर्मन पाठ करून येते की कानावर पडून? (तेही नाशकात बसून)

सिडकोची_मावशी

मंडळी, सल्ला हवाय. भाची जीएनएम करून इथल्याच एका खाजगी हॉस्पिटलात स्टाफ नर्स आहे. जर्मनीला जायचं पक्कं केलंय. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तिच्या मैत्रिणींत दुसरा विषय नाही. जर्मनच्या पातळ्या ए-१, ए-२, बी-१, बी-२ अशा चढत जातात; नर्स म्हणून तिथे पूर्ण मान्यता मिळवायची तर साधारण बी-२ पर्यंत जावं लागतं. हिचं ए-२ संपत आलंय.

आता घरात दोन पक्ष पडलेत. दाजी, म्हणजे तिचे वडील, जुन्या वळणाचे. तक्ते तोंडपाठ झाल्याशिवाय बोलायचंच नाही असं त्यांचं म्हणणं. रोज नामांची यादी काढतात आणि डेअर, डी, दास (पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी नामांची आर्टिकलं) लावून दाखव म्हणतात. तिचा भाऊ इंजिनियरिंगला आहे. तो यूट्यूबवरून ऐकून आलाय की मोठ्यांनीही लहान मुलासारखंच शिकावं, व्याकरणाचं पुस्तक बंद करावं, फक्त ऐकत राहावं, भाषा आपोआप मुरते. पोरगी नाइट करून घरी येते आणि हे दोघं तिला आपापल्या बाजूला ओढतात. दिवसाला जेमतेम दीड-दोन तास मिळतात तिला. ते कुठे घालवावेत?

मखमलाबादी

चहा घेऊन बसलोय. होऊ द्या.

अंबडचा_सेनसेई

(आयडी गमतीचा आहे, शिक्षक नाही. अंबडच्या एका कंपनीत जपानी ग्राहकांचं काम बघतो. जपानी परीक्षेची एन-३ पातळी झालीय.)

‘लहान मुलासारखं शिका’ हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. लहान मुलाला नोकरी नसते. त्याच्याशी दिवसभर कुणी ना कुणी बोलत असतं. ते तीन वर्षांचं झाल्यावर नीट वाक्य बोललं की घरच्यांना कोण आनंद! भाचीबाईंना तेवढ्या मुदतीत परक्या देशात पेशंटच्या नातेवाइकांना गोळी कधी द्यायची ते समजावून सांगायचंय.

आणि मूल तरी सगळं आपोआप कुठे शिकतं? जपानमध्ये प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत पोरं १०२६ कांजी (चिनी लिपीतून आलेली अक्षरं) गिरवून शिकतात. नेहमीच्या वापराच्या सरकारी यादीत २१३६ आहेत. बोलणं घरातून येतं, लिहिणं घोटूनच. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची स्वतःची भाषासंस्था आहे, मुत्सद्दी तयार करायला. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला कामापुरती जपानी यायला ते २२०० तास धरतात, जर्मन यायला ९०० च्या आसपास. हे वर्गातले तास बरं का, घरचा अभ्यास वेगळा. नुसत्या ऐकण्याने भागत असतं तर त्यांनी एवढे शिक्षक पोसले नसते.

जपानीत आपल्याला एक सवलत मिळते. क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे. ‘मी काल घेतलेलं पुस्तक’ हे आपण ज्या क्रमाने म्हणतो त्याच क्रमाने जपानी माणूस म्हणतो. पण ही सवलत आहे हे मला कुणी तरी फळ्यावर दाखवलं तेव्हा कळलं. त्याआधी नुसतं ऐकून ऐकून काही उजेड पडला नव्हता.

दाजींना माझा नमस्कार सांगा.

त्र्यंबक_रोड

सेनसेई, राग समजला. पण उलट बाजूचा पुरावा दहावीच्या मार्कशीटवर छापलेला आहे. संस्कृतात पैकीच्या पैकी मिळवणारी पोरं नाशकात गल्लोगल्ली आहेत. त्यातल्या एखाद्याला विचारा, ‘काल पाऊस पडला म्हणून मला उशीर झाला’ हे संस्कृतात सांग. तो मनात देवः देवौ देवाः पासून सुरुवात करेल आणि बोटं मोजत राहील. संस्कृत भारतीचे दहा दिवसांचे संभाषण वर्ग असतात. शिक्षक मराठीचा आधार घेतच नाही, वस्तू दाखवतो, हातवारे करतो, विचारत राहतो. आयुष्यात शब्दरूपावली न उघडलेली माणसंही शेवटी तोडकंमोडकं का होईना, बोलतात.

स्टीफन क्रॅशन या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या आसपास हेच मांडलं. मुद्दाम शिकणं वेगळं आणि भाषा आत्मसात होणं वेगळं. नियम शिकून जे हाती लागतं ते फक्त तपासनीसाचं काम करतं, बोललेलं बरोबर की चूक एवढं पाहतं. बोलणं स्वतः येतं ते समजेल अशी, आपल्या पातळीच्या किंचित वरची भाषा भरपूर ऐकून आणि वाचून. आणि त्या तपासनीसाच्या अटीही पाहा. विचार करायला वेळ हवा, नियम ठाऊक हवा, शिवाय काय सांगतोय यापेक्षा कसं सांगतोय याकडे लक्ष हवं. कॅज्युअल्टीत रात्री दोन वाजता यातलं काय मिळणार आहे?

गावठाण

+१. आमची पिढी तर्खडकरी इंग्रजी शिकली. पत्र फर्मास लिहायचो, समोर साहेब आला की घाम.

पंचवटीकर

रामकुंडावरच्या गुरुजींना कुणी क्लास लावला होता? गुजराती यजमान आला की गुजराती, तेलुगू आला की त्याला समजेल इतकं तेलुगू. विधी, दक्षिणा, गोत्र, मुक्काम, सगळं बोलतात. सिंहस्थात या आणि ऐका.

जुनं_घुबड

क्रॅशन अर्धा सांगून थांबू नका. त्याच्यानंतर बरंच पाणी वाहून गेलंय.

क्रॅशन म्हणतो तसलं शिक्षण मोठ्या प्रमाणावर जिथे झालं ती जागा कॅनडा. माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये १९६५ साली इंग्रजी घरांतल्या मुलांना सरळ फ्रेंच माध्यमात बसवलं, आणि पुढे ही पद्धत देशभर पसरली. समजेल अशी भाषा, रोज, वर्षानुवर्षं. ती मुलं ऐकून आणि वाचून समजण्यात फ्रेंच घरांतल्या मुलांच्या जवळपास पोचली. पण बोलताना-लिहिताना लिंग, काळ, क्रियापदाची रूपं यांत त्याच त्या चुका राहिल्या. मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये त्याचं कारण मांडलं: ऐकताना व्याकरणाला बगल देऊनही अर्थ लागतो, स्वतः वाक्य जुळवायची वेळ आली की मगच आपलं कुठे अडतंय ते कळतं. हे बघायला कॅनडाला जायला नको. कॉलेज रोडवरच्या कुठल्याही कॅफेत बसा आणि आपल्या इंग्रजी माध्यमाच्या मुलांचं इंग्रजी ऐका.

दुसरं उदाहरण मला जास्त बोलकं वाटतं. रिचर्ड श्मिट यांनी १९८३ मध्ये हवाईत राहणाऱ्या एका जपानी चित्रकाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. अभ्यासात त्याचं नाव वेस. मनमोकळा माणूस, इंग्रजीत मित्र, इंग्रजीत धंदा, लाजणं ठाऊक नाही. तीन वर्षांत त्याचं गप्पा मारणं, समजावणं, विनोद करणं खूप सुधारलं. व्याकरण मात्र जवळपास होतं तिथेच. पुढे श्मिट स्वतः ब्राझीलमध्ये राहून पोर्तुगीज शिकले आणि रोजनिशी ठेवली. लोकांच्या बोलण्यातली जी रूपं त्यांच्या जाणीवपूर्वक लक्षात आली, तीच नंतर त्यांच्या तोंडात आली, असं त्यांना दिसलं. जे कानावरून गेलं पण टिपलं गेलं नाही, ते आलं नाही.

सेनसेईंनी लगेच खूश होऊ नये. २००० साली नॉरिस आणि ऑर्टेगा यांनी तोवरचे प्रयोग एकत्र मांडून पाहिले, त्यात नियमाकडे उघड लक्ष वेधणारं शिकवणं सरस ठरलं हे खरं. पण त्या प्रयोगांत मोजायला ज्या चाचण्या वापरल्या त्यांतल्या बऱ्याच वर्गातल्या व्याकरणाच्या चाचण्यांसारख्याच होत्या. पाठांतरवाल्याला तिथे झुकतं माप मिळणारच.

पंचवटीकर, गुरुजींचं उदाहरण छान आहे, पण ठरावीक विषयापुरतं. त्यांना तेलुगूत बँकेत केवायसीचं भांडण करायला सांगा.

बागलाणकर

घुबडराव, तुमचा वेस आमच्या शॉपमध्ये रोज तिन्ही शिफ्टला असतो. सातपूरला गोरखपूरकडचे ऑपरेटर आहेत, येऊन जमाना झाला. मराठी एकदम फर्राटेदार, भांडण पण मराठीत. पण ‘तो मशीन बंद पडला’ आणि ‘माझा डोका दुखतो’ काही सुटत नाही. मशीन चालू झालं म्हणजे काम झालं, दुरुस्त कोण करतो? आणि त्यालाही काय पडलंय? पगार तोच.

माझं उलटं. घरी अहिराणी. ‘काय शे’ वरून ‘काय आहे’ वर आलो ते शाळेत. गुरुजींनी शब्दाशब्दाला टोकलं, आणि मधल्या सुट्टीत मराठी पोरांबरोबर खेळलो पण. त्यातलं कशाने आलं ते आज मला कुणी विचारलं तर सांगता यायचं नाही.

ओझरचे_आजोबा

नमस्कार. ओझरचा मिग विमानांचा कारखाना १९६४ साली सोव्हिएत मदतीने सुरू झाला. मी पुष्कळ नंतर लागलो, तरी तांत्रिक कागदपत्रं रशियनच होती. आम्हांला रशियनच्या सहा विभक्त्या तक्त्यांवरून शिकवल्या. शाळेत संस्कृत झालेलं असल्यामुळे सहाचं भय वाटलं नाही. मॅन्युअल वाचता येऊ लागलं. रशियन तज्ज्ञ समोर उभा राहिला की मात्र जीभ टाळूला चिकटायची. वाचताना घाई नसते, माणूस समोर असला की असते. बोलणं सुटलं ते त्यांच्याबरोबर हँगरमध्ये उभं राहून.

एवढंच असतं तर मी त्र्यंबक रोड यांच्या बाजूने मत दिलं असतं. पण तक्ते टाळून थेट गप्पांत उतरलेले सहकारीही होते. त्यांना नमस्कार-चमत्कार लवकर जमले आणि नंतर वर्षभर तेवढेच राहिले. मला त्या बोलण्यात शब्दाचं शेपूट बदललेलं ऐकू यायचं, कारण ते बदलतं हे मला आधी सांगितलेलं होतं.

कॉलेज_रोडची_बाई

मी जर्मन शिकवते, तेव्हा माझा स्वार्थ धरूनच वाचा.

आजोबांचं शेवटचं वाक्य मावशींनी दाजींना आणि भाच्याला, दोघांनाही वाचून दाखवावं. नियम माहीत असण्याचा सर्वांत मोठा फायदा बोलताना होत नाही, ऐकताना होतो.

आता भाच्याच्या पद्धतीबद्दल. बर्लिनमध्ये माणूस दूध आणायला बाहेर पडला तरी जर्मन त्याच्या अंगावर येते. त्रिमूर्ती चौकात येत नाही. इथे ‘नैसर्गिक’ रीतीने शिकायचं तर ती सगळी परिस्थिती आपणच उभी करायची: काय ऐकायचं, ते कितपत अवघड असावं, कुणाशी बोलायचं, कोण दुरुस्त करणार. तक्त्याला वही आणि पेन्सिल पुरते. म्हणून माझ्या वर्गात जी मुलं ‘मी क्लास न लावता नैसर्गिक शिकणार’ म्हणून सोडून जातात, ती काही दिवसांनी काहीच ऐकत नसतात. आळस म्हणून नव्हे, रोज काय ऐकायचं हे ठरवणं हेच एक काम होऊन बसतं. नाशकात ज्याला आपोआप म्हणतात त्याचंच वेळापत्रक सर्वांत काटेकोर लागतं.

आणि भाचा जे लावून देत असेल, त्यातलं तिला किती कळतं ते एकदा बघा. नव्वद टक्के डोक्यावरून जात असेल तर तो नुसता आवाज आहे, क्रॅशनसुद्धा त्याला हिशोबात धरणार नाही. ए-२ ला छोटी गोष्ट किंवा संवाद, सोबत छापील मजकूर, तोच तोच पुन्हा ऐकायचा. डॉइच वेले या जर्मन प्रसारण संस्थेच्या सावकाश वाचलेल्या बातम्या फुकट आहेत, पण त्या पुढच्या पातळीवर.

आता दाजी. डेअर, डी, दासच्या याद्या सुट्या नामांवर घोकणं हे माझ्या मते वेळ घालवणं आहे. -उंग, -हाइट, -काइटने संपणारी नामं स्त्रीलिंगी, -शेनने संपणारी नपुंसक, असे मोजके भरवशाचे नियम आहेत, ते एका संध्याकाळी होतात. ‘मेटशेन’ म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी कशी, म्हणून इंग्रजीवाले डोकं धरतात. पोरगं आणि लेकरू म्हणणाऱ्या आपल्याला त्यात नवल नाही. तीन लिंगं असतात ही कल्पनाच आपल्याला फुकट मिळालीय. बाकीची नामं वाक्यात, आर्टिकलसकट, कानाने घ्यायची.

खरी गंमत पुढे आहे. चतुर्थी घेणारी शब्दयोगी अव्ययं मी पाढ्यासारखी म्हणून घेते: आउस, बाय, मिट, नाख, झाइट, फॉन, त्सू. पहिल्या आठवड्यात सगळ्यांचा पाढा पाठ. आणि दारातून बाहेर पडताना तीच मुलं ‘मिट देन बुस’ म्हणतात. हवं ‘मिट डेम बुस’, म्हणजे बसने; चतुर्थीत डेअरचं डेम होतं. पाढा डोक्यात आहे, जिभेपर्यंत पोचलेला नाही. तो पोचतो कसा? मी त्यांना दोन मिनिटांचा संवाद लावून देते आणि सांगते, अर्थ सोडा, फक्त ‘डेम’ कितीदा आलं ते मोजा. मग तोच संवाद अर्थासाठी. मग भूमिका वाटून बोलायचा. श्मिट यांनी रोजनिशीत जे लिहिलं त्याचं हे घरगुती रूप म्हणा.

तुमच्या भाचीला तर हा मसाला कामातच आहे. पेशंटला पहिला प्रश्न काय? दुखतंय कुठे आणि कधीपासून. ते ‘पासून’ म्हणजे झाइट. झाइट आयनर वोखे, एक आठवड्यापासून. झाइट डेम उनफाल, अपघातापासून. केस-हिस्टरीचे वीस-पंचवीस प्रश्न आणि त्यांची संभाव्य उत्तरं तिने तयार केली तर निम्मी चतुर्थी त्यातच होते, आणि तीही अशी की उद्या वॉर्डात लागणारच आहे. औषध जेवणाआधी की जेवणानंतर, फोर डेम एसन, नाख डेम एसन. इथे डेम चुकलं तर चालेल. फोर आणि नाख चुकलं तर चालणार नाही. कोणती चूक आधी सुधारायची हे व्याकरणाच्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

आणखी एक. आकडे मराठीतून शिका. जर्मन माणूस एकवीस म्हणताना आधी एक म्हणतो, मग वीस. आपणही तेच करतो. तरी माझे विद्यार्थी मनात ट्वेंटी-वन म्हणून मग उलटं करतात आणि फोन नंबर चुकवतात.

अंबडचा_सेनसेई

बाई, प्रतिसाद आवडला, पण एका जागी अडलो. चुका कोणत्या चालतील ते ठरवायला लागलं की माणूस सगळ्याच चालवून घेतो. ए-२ कच्चं ठेवून बी-१ ला गेलेली मंडळी मी जवळून पाहिलीत. वेस व्हायला वेळ लागत नाही. सुरुवातीचा काळ कडक हवा.

त्र्यंबक_रोड

कडक म्हणजे किती? प्रत्येक वाक्याला टोकलं की माणूस बोलणंच बंद करतो. भीती बसली की समोरची भाषा आत शिरत नाही, हेही क्रॅशनच्याच मांडणीत आहे. आधी दोन शब्द धीटपणे बोलू तर द्या.

कॉलेज_रोडची_बाई

टोकणं आणि दुरुस्त करणं यांत फरक आहे. मुलगी ‘मिट देन बुस’ म्हणाली की मी ‘अच्छा, मिट डेम बुस, मग किती वेळ लागतो?’ म्हणून पुढे जाते. बहुतेकदा ऐकून पुढच्या वाक्यात ती आपोआप सुधारते. काही जणींच्या मात्र ते लक्षातच येत नाही. त्यांना थांबवून, फळ्यावर लिहून सांगावं लागतं. सगळ्यांना एकच माप नाही. सेनसेईंशी सहमत इतकंच की नर्सिंगसाठी जाणाऱ्या मुलीला दुरुस्त करणारं माणूस हवंच. आठवड्यातून एकदा तरी. मोबाईलमधलं ॲप चूक दाखवतं, पण पेशंटसारखा गोंधळलेला चेहरा करत नाही.

नाइट करून आल्यावर तक्त्याला हात लावू देऊ नका. त्या वेळी आधी ऐकलेलंच परत, पडल्या पडल्या. नवीन नियम सुट्टीच्या दिवशी सकाळी, थोडा वेळ. शब्दांची कार्डं बसमध्ये, दिवसाआड, मग चार दिवसांनी, मग आठवड्याने, असं अंतर वाढवत. उरलेला सगळा वेळ ऐकणं, वाचणं, बोलणं.

जुनं_घुबड

अंतर वाढवत जाण्याला एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाचा आधार आहे, १८८५ चा, आणि तोही जर्मन. स्वतःवरच प्रयोग केले होते त्याने, निरर्थक अक्षरगट पाठ करून. दाजींना आवडेल हा माणूस.

मखमलाबादी

अवांतर: दाजींचा आयडी काढून द्या, एकतर्फी चाललंय.

सिडकोची_मावशी

दाजींना वाचून दाखवलं. एबिंगहाउस आवडला, बाकी ‘बाई क्लास चालवतात ना, म्हणणारच’ असं उत्तर आलं. पण आज यादी बाजूला ठेवून हातात केस-हिस्टरीचे प्रश्न घेतलेत. स्वतः पेशंट होऊन पलंगावर पडलेत आणि कण्हताहेत मराठीत. भाचा म्हणतो बाबांचा अभिनय बी-२ चा आहे.

बाई, एक शेवटचं. बी-१ ची परीक्षा पुण्याला माक्स म्युलर भवनात (जर्मन भाषा-संस्कृती केंद्रात) द्यायचं म्हणतेय. चारही भाग एकदम द्यावेत का? हॉस्पिटलातून रजा मिळणं अवघड आहे.

कॉलेज_रोडची_बाई

एकदम द्यायची सक्ती नाही. बी-१ आणि बी-२ ला वाचन, श्रवण, लेखन, संभाषण हे चार भाग सुटे देता येतात, प्रत्येकात १०० पैकी ६० हवेत. ती रोज केस-हिस्टरी बोलणार असेल तर श्रवण आणि संभाषण आधी देऊन टाकू दे, ते गरम असताना. वाचन-लेखनाला नंतर महिनाभर तक्ते घेऊन बसता येईल, दाजींचीही सोय होईल. रजेचं मात्र आत्ताच बोलून ठेवायला सांगा, जागा लवकर भरतात.